शुद्धिपत्रकदादा

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत पंख्याखालची खुर्ची दादाची. त्याचं खरं नाव फक्त हॉल तिकिटावर; एरवी सगळ्यांचा तो शुद्धिपत्रकदादा. पोरं चालू घडामोडी वाचतात, दादा जाहिरात वाचतो. तीही शेवटच्या पानापासून. ‘‘पहिल्या पानावर पदसंख्या असते, तिच्यावर पोरं भुलतात. ‘बदल होण्याची शक्यता आहे’ हे मागं असतं. खरं ते तिथं असतं.’’

फोटो पन्नास केबीत कसा बसवायचा, नॉन-क्रिमिलेयरची तारीख कोणत्या आर्थिक वर्षातली चालते, शेवटच्या दिवशी सर्व्हर झोपला की पहाटे किती वाजता उठतो, सगळं दादाला विचारायचं. अभ्यासक्रमाचं मात्र कुणी विचारत नाही. (त्यालाही ते बरंच वाटत असावं.)

जिल्हा परिषदेचा २०१९ चा फॉर्म त्यानं भरला होता. ती भरती रद्द होऊन शुल्क परत द्यायचं ठरेपर्यंत त्याच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. पण लाडका विषय म्हणजे २०२३ ची तलाठी भरती. पदं ४,६४४, अर्ज दहा लाखांच्या वर, खुल्या गटाला शुल्क १,००० रुपये. निकालात सामान्यीकरणाच्या कृपेनं २०० पैकी २१४ गुण निघाले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. दादा शांत. ‘‘आमचा बाप म्हणायचा, पैकीच्या पैकी आण. आता पैकीच्या पैकी आणूनही चौदा कमीच पडतात.’’

मध्यंतरी गावाकडून एक स्थळ आलं होतं. मुलीच्या मामानं विचारलं, ‘‘सध्या काय करता?’’ दादा म्हणाला, ‘‘प्रक्रिया सुरू आहे.’’ मामांनी चहा संपवला. तिकडून पुढं काही कळवलं गेलं नाही. दादा त्याला ‘निकाल राखून ठेवला’ म्हणतो.

परवा अभ्यासिकेतला एक पोरगा तलाठी होऊन पेढे घेऊन आला. त्याचा फॉर्म दादानंच भरून दिलेला. पोरगा पाया पडला. दादानं पेढा तोंडात टाकला आणि पुन्हा हात पुढं केला, नेमणुकीच्या आदेशासाठी. आधी जावक क्रमांक बघितला, मग तारीख, मग सही. दोनदा वाचून झाल्यावर पोराच्या बापाच्या नावावर बोट ठेवलं.

‘‘वेलांटी चुकलीय. रुजू व्हायच्या आधी शुद्धिपत्रक मागून घे.’’