माननीय जामीनपेटी यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय जामीनपेटी,
मुंबई मध्यवर्ती कारागृहाचे प्रवेशद्वार, साने गुरुजी मार्ग, मुंबई

विषय : फौजदारी न्यायव्यवस्थेतील यंत्रणांनी एकमेकींना माहिती देण्यासंबंधीचे कायदे आणि त्यांतील पेटीमहोदयांचे स्थान



उपरोक्त विषयाकडे वळण्यापूर्वी, बंद्यांच्या सुटकेचे आदेश पोटात घेणाऱ्या पेटीमहोदयांच्या एकनिष्ठ सेवेची नोंद घेणे क्रमप्राप्त आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एका प्रख्यात चित्रपट अभिनेत्याच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयाने 28 तारखेला जामीन मंजूर केला, दुसऱ्या दिवशी अटींसह लेखी आदेश निघाला, एका नामवंत अभिनेत्रीने हमीदार म्हणून न्यायालयात येऊन सही केली, वकील, वार्ताहर आणि वाहिन्यांचे कॅमेरे आपापल्या जागी वेळेवर हजर झाले. परंतु सुटकेचा कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीमहोदयांच्या स्वाधीन होऊ न शकल्याने तो तरुण आणखी एक रात्र आतच राहिला आणि 30 तारखेला पहाटे पेटी उघडल्यानंतर त्याच्या सुटकेची तजवीज झाली. नियम सर्वांना सारखाच आहे, असे कारागृहातर्फे त्या वेळी सांगण्यात आले, आणि ते अक्षरशः खरे होते. समतेचे तत्त्व इतक्या काटेकोरपणे अमलात आणणारी दुसरी सरकारी वस्तू शोधूनही सापडणार नाही. देशातील नामांकित वकिलांची फौज ज्याच्या पाठीशी होती त्यालाही जिथे पेटीची वेळ चुकवता आली नाही, तिथे गोवंडीच्या किंवा धारावीच्या एखाद्या कच्च्या कैद्याचा, म्हणजे ज्याचा खटला अद्याप निकाली निघालेला नाही अशा बंद्याचा, कागद पावणेसहाला पोहोचला असेल तर त्याची बातमी कोणी केली नाही, इतकाच काय तो फरक.

पेटीमहोदयांचे अधिष्ठान कोणत्या कायद्यात आहे, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 442 मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 487 मध्ये असे म्हटले आहे की, जामिनाचे बंधपत्र पूर्ण होताच आरोपीला मुक्त करावे, तो तुरुंगात असल्यास न्यायालयाने तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे सुटकेचा आदेश पाठवावा आणि त्या अधिकाऱ्याने आदेश मिळाल्यावर त्याला सोडावे. या वाक्यरचनेत दोन कर्तव्ये आहेत, एक न्यायालयाचे आणि दुसरे तुरुंगाचे, आणि दोन्ही निःसंदिग्ध आहेत. मात्र आदेश निघणे आणि आदेश मिळणे यांच्या दरम्यान जो काळ जातो त्याला कायद्याने ना मर्यादा घातली, ना मालक नेमला. त्या बेवारस काळातच पेटीमहोदयांचे राज्य आहे. न्यायालयाची घटका संपते आणि तुरुंगाची अजून सुरू व्हायची असते, अशा वेळी नागरिकाचे स्वातंत्र्य एका कुलूपबंद पेटीत मुक्कामाला असते.

ही त्रुटी अपघाताने राहिलेली नाही, हे राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडली की लक्षात येते. पोलीस आणि तुरुंग हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा यादीत आहेत, आणि न्यायालये आपापल्या उच्च न्यायालयाच्या नियमांनी चालतात. परिणामी एकाच माणसाविषयीची माहिती पोलीस ठाण्याच्या डायरीत, सरकारी अभियोक्त्याच्या फाईलमध्ये, न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात, न्यायालयाच्या रोजनाम्यात आणि तुरुंगाच्या नोंदवहीत पाच वेगवेगळ्या क्रमांकांनी नांदते, आणि यांपैकी प्रत्येक कचेरीत आवक-जावक पाहणारा एक बारनिशी कारकून असतो, ज्याचा शिक्का उठेपर्यंत कागद आला असे मानले जात नाही. तुरुंगांचा कारभार तर 1894 च्या कारागृह अधिनियमावर शतकाहून अधिक काळ चालला. केंद्राने 2023 मध्ये राज्यांसाठी कारागृहे व सुधारसेवांचा आदर्श अधिनियम तयार करून पाठवला आणि महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर 2024 मध्ये या विषयावरील आपले नवे विधेयक संमत केले, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

तथापि, शासनाला माहिती फिरवता येत नाही असा निष्कर्ष पेटीमहोदयांनी काढू नये. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर, 2009 मध्ये, देशातील सर्व पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडणारी सीसीटीएनएस ही योजना सुमारे 2,000 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाली. त्यावर पुढे आयसीजेएस, म्हणजे पोलीस, प्रयोगशाळा, अभियोग, न्यायालय आणि तुरुंग या पाच स्तंभांच्या संगणकांनी परस्परांशी बोलावे अशी प्रणाली, उभी राहिली. तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी 2022 मध्ये 3,375 कोटी रुपये मंजूर झाले आणि माहिती एकदाच भरावी, सर्वांनी वापरावी, असे तिचे ब्रीद ठरले. त्याच वर्षी 1920 चा जुना कायदा रद्द करून फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम आला. त्यानुसार अटक झालेल्या व्यक्तीच्या बोटांचे व तळव्यांचे ठसे, बुबुळांचे चित्र, छायाचित्र, सही यांसारखी मापे घेता येतात आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती 75 वर्षे जपून ठेवतो व तपास यंत्रणांना पुरवू शकतो. विशीत पकडल्या गेलेल्या माणसाची बोटे शासनाला त्याच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत आठवतील, अशी ही तरतूद आहे. फोर्टातल्या न्यायालयातून सात रस्त्याजवळच्या तुरुंगापर्यंत जायला एका कागदाला सूर्यास्त गाठणे कठीण जावे आणि अंगठ्याच्या ठशाने मात्र काही क्षणांत देशभर हिंडून यावे, यामागे तंत्रज्ञानाची मर्यादा आहे असे म्हणणे हा तंत्रज्ञानाचा अवमान होईल.

या अधिनियमात निर्दोष सुटलेल्यांचा विचार केलेला आहे, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सोडला गेला, आरोपमुक्त झाला किंवा सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर निर्दोष ठरला, तर न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसल्यास त्याची मापे नष्ट करावयाची आहेत. मात्र त्यासाठी नियमांनुसार राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे विनंती करावी लागते. ठसे देताना अर्ज लागत नाही, ठसे पुसताना लागतो. पाच स्तंभांच्या संगणकांना एकमेकांशी बोलता येते हे खरे मानले, तर निर्दोषत्वाचा निकाल लागल्याची वार्ता न्यायालयाच्या संगणकाने ठशांच्या संगणकाला आपणहून का सांगू नये, हा प्रश्न पेटीमहोदयांनी आपल्या फावल्या वेळात, म्हणजे साडेपाच ते पहाटेपर्यंत, अवश्य विचारात घ्यावा.

माहिती उशिरा पोहोचण्याची किंमत किती, याचे दर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी निश्चित केले आहेत. बिहारमधील रुदुल शाह यांची 3 जून 1968 रोजी निर्दोष मुक्तता झाली आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगातून ते 16 ऑक्टोबर 1982 रोजी बाहेर पडले. चौदा वर्षांहून अधिक असा हा विलंब होता, आणि 1983 मध्ये मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने, राज्याने आधी दिलेल्या 5,000 रुपयांखेरीज, आणखी 30,000 रुपये हंगामी भरपाई म्हणून देण्याचा आदेश दिला. मूलभूत हक्काच्या भंगासाठी पैशाच्या रूपाने भरपाई देण्याचा पायंडा त्या निकालाने पडला, म्हणून विधी महाविद्यालयांत तो आजही आदराने शिकवला जातो. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांचेच सुपुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांना, जामिनाचे आदेश पोहोचण्यातला विलंब युद्धपातळीवर दूर झाला पाहिजे, असे सांगावे लागले. दोन पिढ्यांच्या न्यायदानात एकाच कागदाचा प्रवास चालू राहावा, हा सातत्याचा विलक्षण नमुना होय.

त्याच वर्षी जुलैमध्ये आग्र्याच्या मध्यवर्ती कारागृहातील 13 कैद्यांना, जे गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे सिद्ध होऊनही चौदा ते बावीस वर्षे आत होते, सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला आणि आदेशाची रीतसर प्रत टपालाने आली नाही म्हणून ते काही दिवस आतच राहिले. तेव्हा, आदेश पोहोचवण्यासाठी अजूनही आकाशातल्या कबुतरांकडेच पाहिले जात आहे, अशा आशयाचे उद्गार सरन्यायाधीश रमणा यांनी काढले आणि त्यातून ‘फास्टर’ ही आदेशांच्या प्रमाणित प्रती सुरक्षित इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची प्रणाली 31 मार्च 2022 रोजी सुरू झाली. पेटीमहोदयांच्या दृष्टीने हा प्रसंग चिंतेचा असणार. परंतु घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण कागदाची जागा ई-मेलने घेतली म्हणून पेटीची वृत्ती संपत नाही. गुजरातमधील एका कैद्याची शिक्षा तेथील उच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2020 रोजी स्थगित करून त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश दिला होता. न्यायालयाच्या निबंधकांनी तो तुरुंगाला ई-मेलने पाठवला, तुरुंगाला तो मिळाला, आणि त्यासोबतचे जोडपत्र उघडता आले नाही या सबबीखाली तो कैदी सुमारे तीन वर्षे आत राहिला. ई-मेल कोणी परत पाठवली नाही, कोणी फोन केला नाही आणि आदेशाचे पुढे काय झाले याची विचारपूस करणे हे कोणाच्याच कामात बसत नव्हते. कैद्याने पुन्हा जामिनासाठी अर्ज केला तेव्हा, सप्टेंबर 2023 मध्ये, हा प्रकार उघडकीस आला आणि उच्च न्यायालयाने 1 लाख रुपये भरपाई ठरवली.

आदेश पोहोचला, उघडला आणि वाचलाही गेला, तर काय होते, याचे उत्तर गाझियाबादने दिले. तेथील एका आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये जामीन दिला, खालच्या न्यायालयाचा सुटकेचा आदेश 27 मे रोजी निघाला, परंतु उत्तर प्रदेशच्या धर्मांतरविरोधी अधिनियमाच्या एका कलमाचे उपखंड त्यात लिहायचे राहून गेले होते. आरोपीचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणे ही सगळी ओळख जुळत असतानाही तेवढ्या उपखंडासाठी तो 24 जूनपर्यंत आतच ठेवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 5 लाख रुपयांची हंगामी भरपाई बसवली. आरोपपत्रांतल्या ढळढळीत विसंगतींकडे काणाडोळा करणाऱ्या व्यवस्थेत वाचनाची एवढी सूक्ष्मता सुटकेच्या कागदासाठीच राखून ठेवलेली असावी, हा योगायोग समजावा.

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिलेल्या निर्देशांचा उल्लेख टाळता येणार नाही. त्यांनुसार न्यायालयाने जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाधीक्षकांमार्फत कैद्याला ई-मेलने पाठवावी, अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत नोंदवावी, आणि सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, म्हणजे कोणी स्वयंसेवक किंवा वकील कैद्याला भेटून अडचण समजून घेईल. माहिती पुरवण्याच्या या साखळीत कैदी हा स्वतःच एक प्राप्तकर्ता मानला गेला, ही यातली खरी नवी गोष्ट. एरवी यंत्रणांच्या या देवाणघेवाणीत माहिती ही त्याच्याविषयी असते, त्याच्यासाठी क्वचितच. अडचणही बहुधा तीच निघते: हमीदार नाही, किंवा हमीदाराकडे ऐपतीचा दाखला नाही. गावाकडच्या चुलत्याने सातबारा घेऊन यावे, तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे खेटे घालावेत आणि मग न्यायालयात उभे राहावे, अशी अपेक्षा असते. ज्या शासनाचा सातबारा संगणकावर घरबसल्या दिसतो त्याच शासनाच्या न्यायालयासमोर तो कागदावर सादर करण्यासाठी चुलत्याची रोजी बुडते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये गुन्ह्यांचा तपास व खटला चालवण्यासाठी लागणाऱ्या माहितीला बऱ्याच बंधनांतून सूट आहे, त्यामुळे गोपनीयतेच्या भीतीने हा सातबारा अडला आहे, असेही म्हणता येत नाही.

माहिती देण्याघेण्याचे अधिनियम तपास यंत्रणेला अधिकार देताना बहुधा ‘देता येईल’ असे म्हणतात. सुटकेच्या माहितीबाबत ‘अमुक तासांत दिलीच पाहिजे, न दिल्यास अमुक अधिकारी जबाबदार’ असे राज्याच्या कायद्यात लिहिण्यासाठी घटनेची दुरुस्ती लागत नाही, कारण तुरुंग हा राज्याचाच विषय आहे. तोवर पेटीमहोदयांना एवढीच विनंती आहे की, प्रत्येक आदेश आत पडल्याची वेळ, तो बाहेर काढल्याची वेळ आणि त्या आदेशातील बंदी फाटकाबाहेर पडल्याची वेळ अशा तीन रकान्यांचा एक तक्ता प्रवेशद्वारावर रोज लावण्याची व्यवस्था व्हावी. 3,375 कोटींच्या तुलनेत हा खर्च खडू आणि फळ्याइतकाच आहे, आणि वित्त विभागाची मान्यता त्यास लागू नये.



प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी : पाचही स्तंभांना ई-मेलद्वारे. जोडपत्र उघडत नसल्यास तसे तीन वर्षांच्या आत कळवावे.