सुटला की सुटलाच!

“काकू, ऐकलंत का? अप्पा देशमुखांचा मोत्या परत सुटला. थेट भाजी मंडई गाठली म्हणे!”

“ऐकलं कसलं, बघितलं! मी फाटकापाशी कोथिंबीर निवडत होते. समोरून सणकन काहीतरी गेलं. मागून अप्पा, एका पायात चप्पल, हातात काठी. आता कारवानी कुत्र्याच्या मागे सत्तरीचा माणूस पळून काय होणार?”

“काय होणार! त्याला वाटलं असेल, अप्पा शिवणापाणी खेळायला आलेत.”

“अगदी हेच अप्पांची सूनबाई म्हणत होती. परवा गच्चीवर पापड घालायला आली, तेव्हा सगळं बैजवार सांगितलं तिनं. अप्पांना हे जतकडच्या कुणीतरी फुकट दिलंय. चांगलं तीन वर्षांचं, सशांमागे पळून तयार झालेलं कुत्रं.”

“अहो, पण सशाच्या शिकारीला बंदी आहे ना?”

“१९७२ च्या कायद्यानंच आहे. पण कायदा माणसाला कळतो, मोत्याला थोडाच! शिवाय जात कुठली? मुधोळच्या कुत्र्यांच्या कुळातली. तिथल्या राजेसाहेब मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्ज बादशहाला जोडी भेट दिली होती. २००५ साली टपाल खात्यानं तिकीटसुद्धा काढलं. आणि आपण बसलोय ‘हाड हाड’ करत.”

“तिकीट राहू दे. तो हाक ऐकत का नाही?”

“ही कुत्री वासापेक्षा नजरेवर शिकार करतात गं. लांबवर काही हललं की डोळे तिकडे आणि कान बंद. तेव्हा हाक मारणं म्हणजे सामन्याच्या शेवटच्या षटकात नवऱ्याला दळण आणायला सांगणं!”

“मग हाक मारायची तरी कधी?”

“त्याचं लक्ष कुठं गुंतलेलं नसेल तेव्हा. सूनबाई पहाटे शाळेच्या मैदानावर नेते त्याला. ऊन चढलं की डांबरानं पंजे भाजतात. छातीचा पट्टा बांधते आणि त्याला चांगला तीस फुटांचा दोर.”

“गळ्यातला पट्टा नाही का चालत?”

“डोकं निमुळतं ना त्याचं! साधा पट्टा मागं सरकला की निघालाच डोक्यावरून. आणि एवढा लांब दोर गळ्याला असला, तर पळताना हिसका मानेला बसतो. तर दोर सैल सोडायचा, त्याला हुंगू द्यायचं, मध्येच हाक मारायची. वळून आला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. अगदी बोटाच्या पेराएवढा. आणि लगेच ‘जा’ म्हणून परत सोडायचं.”

“आलेला सोडायचा? मग बोलवायचा कशाला?”

“तिथंच तर मेख आहे! अप्पा आजवर बोलवायचे ते बांधायलाच. शिवाय आल्यावर काठीचा प्रसाद. कोण येईल? ‘मोत्या, ये’ म्हटलं की साखळी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून तिनं ते शब्दच टाकून दिले.”

“मग काय, शिट्टी मारते?”

“शिट्टी कशी मारणार? सकाळी आपल्या गल्लीत दहा कुकर शिट्ट्या मारतात! ‘खाऊ’ म्हणते. आणि हा शब्द अप्पांनी उच्चारायचा नाही, अशी घरात तंबी आहे.”

“अप्पांनी ऐकून घेतलं?”

“तोंड फुगवून बसलेत. शिवाय काठी काढून घेतली, तिला चिंधी बांधली. ती जमिनीवरून फिरवली की मोत्या गरगर पळतो. ‘थांब’ म्हटल्यावर थांबला, तरच चिंधी परत हलते. पाच-दहा मिनिटांत जीभ बाहेर! मात्र जेवल्यावर तास-दोन तास पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो, जिवावर बेततं.”

“म्हणजे आता मोकळा सोडणार त्याला?”

“छे! मंडईत, रस्त्यावर कायम दोर. मोकळा फक्त भिंतीच्या आत, फाटक लावून. ती म्हणते, धाव त्याच्या रक्तातच आहे, ती काढायची नाही. परत येणं तेवढं फायद्याचं करायचं.”

“आणि तुमची मनी?”

“मांजराची हमी देणार नाही, असं स्पष्ट सांगितलंय तिनं. मी म्हटलं, बाई, तुझा मोत्या शिकेल एक वेळ. पण आमची भवानी रोज मुद्दाम त्याच्या नाकासमोरून शेपूट उडवत जाते, तिला कसली कलेजी दाखवू?”