नियमाला मिळालेली रजा

नागपूरच्या ज्या सोनेगाव धावपट्टीवर १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासची टपाल-विमाने मध्यरात्री एकत्र येऊन, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपूर्वी परत फिरत, तेथेच डिसेंबर २०२५ मध्ये भर दुपारीही नागपूरकरांस विमान मिळेना. कारण वैमानिकास आठवड्यात ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती द्यावी, हे फर्मान जानेवारी २०२४ मध्येच सुटले असताना, नोकरभरतीस लाभलेली पावणेदोन वर्षांची मुदत 'इंडिगो' या विमान कंपनीने कोणत्या चिंतनात व्यतीत केली, हे तिच्या मुनिमांनाच ठाऊक. सरकारने मात्र तत्परता दाखविली : रजेला साप्ताहिक विश्रांती समजू नये, हे कलमच मागे घेऊन नियमालाच रजा मंजूर केली. फलकावरच्या 'रद्द'कडे पाहत एक आजोबा पुण्याच्या नातवासाठी घेतलेली संत्री शांतपणे सोलू लागले.