फळ्यावरचा शब्द

कर्नाटकातल्या भालकी तालुक्यात, एका मराठी शाळेत मी व्याकरण शिकवायचो. इथल्या पोरांना लिंग शिकवणं म्हणजे दिव्य. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, कटकट मिटली. मराठीत भाकरी ती, भात तो, वरण ते. एका ताटात तीन लिंगं. घरी कन्नड बोलणारं पोर विचारतं, "सर, हे भाकरीला कुणी सांगितलं?"

2021 च्या दिवाळीच्या सुमारास एनसीईआरटीनं तृतीयपंथी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून गायब. (माझी थकबाकी एवढ्या चपळाईनं कधी हलली नाही.) पुस्तिका गेली, पण माझ्या अंगात संचारलेला सुधारक राहिला. समलैंगिकता गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 लाच सांगून टाकलंय; मग सहावीला सांगायला मी का भ्यावं? हे आरशासमोर. वर्गात गेल्यावर भ्यालोच.

पोरांकडे पाठ करून फळ्यावर शब्द लिहिला : समलिंगी. वळलो, घसा खाकरला, खडू पाडला, उचलला. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. "सर, आमच्या घरी सगळेच समलिंगी हायत. आप्पा, अव्वा, आजी, मी बी." आणि तिनं गळ्यातल्या इष्टलिंगाकडे बोट केलं.

लिंगायतांचं बसवकल्याण ज्या जिल्ह्यात आहे, तिथं हे मला आधी सुचायला हवं होतं. बघता बघता अर्ध्या वर्गाचे हात वर. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी फळा वाचला, हात मोजले आणि चष्मा पुसायला काढला.

घाबरून मी एका दमात उरकलं : काही बाप्यांचा जीव बाप्यावरच जडतो, काही बायांचा बाईवर. अशा माणसांना चिडवायचं नाही, आपल्या वर्गात असं कुणी निघालं तरी नाही.

वर्ग शांत. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "एवढंच व्हय? मग लिंग कशाला मधी आणलाव सर?"

मुख्याध्यापकांनी मला त्याच दिवशी गणित दिलं. सध्या अपूर्णांक चालू आहेत. समच्छेदापाशी आलो की मागचा बाक माझ्याकडे बघून खुसखुसतो.