फिल्टर कोणता, कितव्यांदा?

डायलिसिसवर असलेल्या माणसाला स्वतःचं क्रिएटिनिन तोंडपाठ असतं. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, ड्राय वेट, मागच्या खेपेला किती पाणी काढलं, सगळं तो धडाधड सांगतो. त्याला विचारा, मशीनला उभा लावलेला तो फिल्टर कोणता? बहुतेक जण गप्प होतात, कारण ते त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. चार-चार तास शरीरातलं रक्त ज्या वस्तूतून फिरतं, तिचं नाव रुग्णाच्या वहीत नसावं, याचा मला संताप येतो.

फूटभर लांबीची ही नळी. आत केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंचा जुडगा. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट्या दिशेनं डायलिसिसचा द्रव. रक्ताचा वेग मिनिटाला 300 मिली आणि द्रवाचा 500 मिली धरला, तर चार तासांत 72 लिटर रक्त आणि 120 लिटर द्रव या नळीतून जातो. दोघांच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा. त्या पडद्यानं काय सोडायचं आणि काय अडवायचं, यावर सगळा खेळ.

फिल्टरची तुलना करायला बसलं की पुढ्यात कंपनीचं माहितीपत्रक येतं. त्यावर युरिया क्लिअरन्सचा, म्हणजे मिनिटाला किती मिली रक्तातून युरिया निघतो त्याचा, ठसठशीत आकडा. हा आकडा प्रयोगशाळेत, रक्ताऐवजी पाण्याच्या द्रावणावर मोजलेला असतो. रक्तात प्रथिनं असतात, पेशी असतात, गुठळ्या होतात, रक्त घेण्यासाठी हातावर केलेला फिस्टुला कधी नीट चालतो, कधी नाही. माणसाच्या अंगात तो आकडा खाली येतोच. शिवाय एका पत्रकातला आकडा मिनिटाला 200 मिली रक्तप्रवाहावरचा आणि दुसऱ्यातला 300 वरचा असेल, तर ती तुलना सरळ फेकून द्यावी.

आता लो-फ्लक्स की हाय-फ्लक्स? युरियाचा रेणू 60 डाल्टनचा, इवलासा. तो कुठल्याही फिल्टरमधून जातो. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन सुमारे 11,800 डाल्टनचं. ते लो-फ्लक्समधून जवळपास जातच नाही. वर्षानुवर्षं अंगात साठून ते सांध्यांत आणि मनगटाच्या नसेभोवती त्रास देतं. अल्ब्युमिन 66,000 डाल्टनच्या घरात, आणि ते मात्र आतच राहायला हवं. मधल्याला वाट द्यायची आणि मोठ्याला अडवायचं, हे चांगल्या हाय-फ्लक्स पडद्याचं काम.

मग हाय-फ्लक्सनं माणसं जास्त जगतात का? इथे विक्रेत्यांच्या गप्पा थांबवून पुरावा बघू. अमेरिकेतल्या हेमो अभ्यासात 1,846 रुग्ण होते, निष्कर्ष 2002 मध्ये आले. एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. अनेक वर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या गटात फायद्याची खूण दिसली. युरोपातल्या 2009 च्या अभ्यासात अल्ब्युमिन कमी असलेल्यांना फायदा झाला. 2023 मध्ये कन्व्हिन्स अभ्यास आला, 1,360 रुग्णांचा. त्यात दोन्हीकडे फिल्टर हाय-फ्लक्सच होते. एका गटाला नेहमीचं डायलिसिस, दुसऱ्याला हिमोडायाफिल्ट्रेशन, म्हणजे डायलिसिससोबत जादा द्रव गाळून काढण्याची पद्धत. मृत्यू 21.9 विरुद्ध 17.3 टक्के. फरक मोठा आहे, पण तो नुसत्या नळीचा नाही. त्यामागे अतिशुद्ध पाणी, चांगला रक्तप्रवाह आणि पुरेसा वेळ आहे. आठवड्यातून दोनदाच, तेही तीन-तीन तासांत उरकलेलं डायलिसिस महागड्या फिल्टरनं भरून निघत नाही. हे रुग्णाच्या नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवं, कारण दागिने मोडून ‘चांगला फिल्टर’ घेणारी घरं आपल्याकडे आहेत.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून मोठा, आणि तो माहितीपत्रकात सापडत नाही. 2001 ची गोष्ट प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या भिंतीवर लावायला हवी. ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये डायलिसिसनंतर रुग्ण दगावू लागले. ऑक्टोबरमध्ये क्रोएशियात 23 जण गेले. वेगवेगळ्या देशांतले मिळून मृतांचा आकडा पन्नासच्या वर गेला. सगळ्यांत समान होते ते बॅक्स्टर कंपनीच्या एका मालिकेचे फिल्टर. कंपनीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत काहीच सापडलं नव्हतं. शेवटी कळलं ते असं: स्वीडनमधल्या कारखान्यात गळके तंतू शोधण्यासाठी एक परफ्लुओरोकार्बन द्रव वापरत, आणि दुरुस्त केलेल्या काही फिल्टरमध्ये तो शिल्लक राहिला होता. अंगातल्या उष्णतेनं रक्तात त्याचा वायू झाला आणि बुडबुड्यांनी रक्तवाहिन्या अडवल्या. हे फिल्टर बाजारात रीतसर आलेले, क्लिअरन्सचे आकडे व्यवस्थित असलेले होते. कोणत्या रुग्णाला कोणता फिल्टर लावला, याची नोंद असेल तरच असा धागा हाती लागतो. आपल्या एखाद्या तालुक्याच्या केंद्रात तीन रुग्णांना एकाच आठवड्यात थंडी वाजून आली, तर कुठल्या वहीतून हा धागा शोधणार?

त्यात आपल्याकडे फिल्टर धुऊन पुन्हा वापरतात. जपाननं हा मार्ग कधी धरला नाही. अमेरिकेत तो एकेकाळी सर्रास होता, पुढे मागे पडला. गरिबीच्या देशात रीयूज म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. नीट केलं तर चालतं. पण नीट म्हणजे काय, ते बघा. फिल्टरवर रुग्णाचं नाव. प्रत्येक धुण्यानंतर तंतूंमध्ये किती द्रव मावतो त्याचं मोजमाप. मूळच्या 80 टक्क्यांखाली गेलं की फिल्टर बाद. फॉर्मॅलिन किंवा पेरासेटिक अॅसिड शिल्लक नाही ना, याची लावण्याआधी तपासणी. ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याचा फिल्टर धुवायचाच नाही. आणि एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही: काही हाय-फ्लक्स फिल्टर ब्लीचशिवाय नुसत्या पेरासेटिक अॅसिडनं धुतले, तर 80 टक्क्यांची परीक्षा पास होऊनही बीटा-टू काढण्याची त्यांची ताकद उतरते. म्हणजे हाय-फ्लक्सचे पैसे दिले आणि ज्यासाठी दिले तेच गेलं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत मिळतं, पंतप्रधानांचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 पासून आहे. या दोन्हींनी माणसं जगवली आहेत, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच मागणी करतो. प्रत्येक खेपेचा दर ठरवताना त्या दरात कोणता फिल्टर आणि किती वापर धरले आहेत, ते केंद्राच्या दारावर लिहा. सर्वात कमी बोलीवर फिल्टर घेणार असाल, तर डायलिसिस पुरेसं झालं का ते सांगणारं महिन्याचं केटी/व्ही प्रत्येक रुग्णाचं मोजा आणि 1.2 च्या खाली किती जण राहिले ते जाहीर करा. दोन फिल्टरांची खरी तुलना तिथेच होईल, आपल्याच माणसांच्या रक्तावर.

रुग्णाच्या वहीत चार रकाने वाढवायला खर्च शून्य: फिल्टरचं नाव, बॅच नंबर, कितवा वापर, धुतल्यावर उरलेली क्षमता. टेक्निशियनकडे यातलं बरंचसं रीयूजच्या रजिस्टरमध्ये असतंच. सुई टोचण्याआधी ते मोठ्यानं वाचून दाखवायला एक मिनिटही लागत नाही, आणि वाचून दाखवलं नाही तर रुग्णानं विचारावं: “सिस्टर, हा माझाच ना? कितवा?”