औषधाचं लेबल वाचता, ब्रेक पॅडचं कधी वाचणार?

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला फवारणीच्या औषधाची बिनलेबलची बाटली विकून दाखवा. जमणार नाही. घटक कोणता, मात्रा किती, द्राक्षावर वापरायचा लेबल क्लेम आहे का, पीएचआय (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचा काळ) किती दिवसांचा, युरोपला चालतं का, हे विचारल्याशिवाय माणूस खिशात हात घालत नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशापायी भारतीय द्राक्षं युरोपात अडकली आणि त्या एका हंगामाने अख्ख्या पट्ट्याला लेबल वाचायला शिकवलं. याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडून काढलं. निवड कशी करायची, हे इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको.

आता त्याच घरातला मुलगा स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभा आहे. बाहेर त्याची गाडी आहे: चाकणची पोलो जीटी म्हणा, रांजणगावची अबार्थ पुंटो म्हणा, नाहीतर टाटांची अल्ट्रोज रेसर. “काका, परफॉर्मन्स पॅड दाखवा.” काका लाल खोका काढतात. “बसतंय ना?” “बसतंय की!” पैसे दिले, खोका घेतला, विषय संपला. माझा राग या दीड मिनिटावर आहे. पानावरच्या डावणी रोगासाठी पाच प्रश्न विचारणारं घर पोराच्या जिवासाठी एकच प्रश्न विचारतं.

गाडी पळवायला आपण कमी खर्च करत नाही. इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून रीमॅप होतो, एक्झॉस्ट बदलतो, रुंद चाकं येतात, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरला लाल रंग लागतो. कॅलिपर रंगवल्याने गाडी एक इंचही अलीकडे थांबत नाही. वेगाचा हिशोब मात्र चुकत नाही. 80 ऐवजी 100 ने जाणाऱ्या गाडीत 25 टक्के नव्हे, 56 टक्के जास्त ऊर्जा असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडच्या घर्षणात उष्णता करून बाहेर टाकायची. इंजिनची ताकद वाढवली आणि ब्रेक तसेच ठेवले, तर काम अर्धवट सोडलंय.

खोक्यावरच्या ‘परफॉर्मन्स’ या शब्दाला काहीही अर्थ नाही. तो कोणीही छापू शकतो. तुम्ही खोका उघडा, पॅड हातात घ्या आणि उलटा करा. घासणारा मसाला एका बाजूला, रंगवलेली लोखंडी पाठ दुसऱ्या बाजूला. त्या पाठीवर किंवा पॅडच्या कडेला बारीक अक्षरांची एक ओळ छापलेली असते: कंपनीचा कोड, मसाल्याचा नंबर आणि बऱ्याचदा शेवटी दोन इंग्रजी अक्षरं. ईएफ, एफएफ, जीजी, अशी काहीतरी. ही अक्षरं घर्षणाची आहेत. पहिलं अक्षर कमी तापमानाचं, दुसरं पॅड तीनशे अंशांच्या आसपास तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफई लिहिलेला पॅड गार असताना बरा धरेल आणि तापल्यावर ढिला पडेल. एफएफ दोन्हीकडे त्याच पट्टीत राहील.

ही अक्षरं म्हणजे सगळं नव्हे. चाचणी पॅडच्या छोट्याशा तुकड्यावर होते, गाडीवर नाही. म्हणून एफएफ छापलेले दोन कंपन्यांचे पॅड रस्त्यावर वेगळे वागू शकतात. पण अक्षरच नसलेला, कोडच नसलेला, नुसता ‘रेसिंग’ लिहिलेला पॅड घेऊ नका. युरोपातून आलेल्या पॅडवर गोलात ई आणि त्यापुढे 90आर अशी खूण शोधा. ही खूण ज्या नियमाची, त्यानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या तुलनेत 15 टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते. जास्त जोरात धरणाराही त्या खुणेला चालत नाही, कारण पुढची चाकं अचानक जास्त धरू लागली की पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ बिघडतो. आपल्याकडच्या बऱ्याच वेगवान गाड्यांना मागे अजून ड्रमच आहेत, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला जास्तच लागू होतो.

आता त्या ‘रेसिंग’ पॅडचं बघू. शर्यतीच्या ट्रॅकवर दर वळणाला कडक ब्रेक लागतो, पॅड सतत तापलेला राहतो, आणि त्याचा मसाला त्याच तापमानासाठी बनवलेला असतो. हिवाळ्यातल्या पहाटे तासगावहून सांगलीला निघा. गळीत हंगाम चालू, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तुमचा पहिलाच जोराचा ब्रेक इथे लागणार, आणि तो गार पॅडवर. तापल्याशिवाय न धरणारा पॅड त्या ट्रॉलीखाली घेऊन जाईल. आपल्या रस्त्यावर गारेगार असताना पहिल्याच दाबाला धरणारा पॅड हवा. बाकीचे गुण त्यानंतर.

मग तापमानाचा प्रश्नच नाही का? आहे, आणि तो घाटात आहे. इथला माणूस कोकणात उतरतो कुंभार्लीने किंवा आंब्याने, हौसेला महाबळेश्वरहून आंबेनळीने. आंबेनळीचं गणित करा. महाबळेश्वर ते पोलादपूर ही उतरण 1200 मीटरहून जास्त आहे. माणसं आणि सामान धरून 1500 किलोची गाडी तेवढी खाली आणली, तर जवळजवळ पाच युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 100 च्या वेगातून तीस वेळा गाडी पूर्ण थांबवण्याएवढी ही ऊर्जा आहे. काही हवा खाते, काही टायर खातात, गिअर खाली ठेवला तर बरीचशी इंजिन खातं. गिअर वर ठेवून ब्रेकवर पाय ठेवत उतरलात, तर ती सगळी चार चाकांच्या माथी, त्यातही पुढच्या दोन चाकांवर जास्त.

तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बिघडू शकतात, आणि त्या पायाला वेगळ्या कळतात. पेडल कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, पण गाडी थांबत नाही: पॅड भाजलाय. मसाल्यातलं राळेसारखं बंधक तापून त्याचा वायू होतो आणि पॅड डिस्कवरून नुसता सरकतो. नंतर चाक उघडलं की असा पॅड काचेसारखा चकचकीत दिसतो. दुसरा प्रकार, पेडलच मऊ पडून खाली जातं: ब्रेक ऑइल उकळलंय. पाइपात वाफ झाली, वाफ दाबली जाते, आणि कॅलिपरपर्यंत जोरच पोचत नाही. या दुसऱ्या दुखण्यावर जगातला सर्वांत महाग पॅडही काही करू शकत नाही.

आणि आपल्याकडे ब्रेक ऑइल बदलतं कोण? पॅड बदलला की डबीत थोडं वरून ओतलं, झालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण पाणी प्यायलेल्या डॉट 4 ला नियमाने 155 अंशांचीच अट आहे. डॉट 5.1 ला हेच आकडे 260 आणि 180. म्हणून दर दोन वर्षांनी जुनं ऑइल पूर्ण काढा, नवं सीलबंद डबीतलं भरा आणि चारही चाकांतली हवा काढून घ्या. पॅडच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे आणि घाटात त्याचा उपयोग पॅडएवढाच आहे.

उतारावर डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणं किंवा इंजिन बंद करणं ही तर थेट आत्महत्या आहे, आणि तीत दुसऱ्यांचे जीवही जातात. 20 नोव्हेंबर 2022 ला कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्या चेपल्या. उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं. कारचं इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपताच येणारा नागमोडी उतार ज्याने पाहिलाय, त्याला यापुढे सांगायला नको.

तर मग पॅड कोणता घ्यायचा? सरळ सांगतो. गाडी मूळ ताकदीची, वापर गाव, सांगली-मिरज आणि वर्षातून काही घाट: कंपनीचाच पॅड, किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्याचा त्याच नंबरचा पॅड. यापेक्षा शहाणपणाची खरेदी नाही. रीमॅप केलेली गाडी, महामार्गावर जास्त वेग, घाट वारंवार: रस्त्यासाठीच बनवलेला आणि गार असतानाही धरणारा चांगल्या कंपनीचा वरच्या दर्जाचा पॅड. तो आवाज थोडा जास्त करेल, चाकावर काळी पूड जास्त सांडेल, डिस्क थोडी लवकर खाईल. हे कबूल असेल तरच घ्या. शांत ब्रेक आणि स्वच्छ चाकं हवी असतील, तर सिरॅमिक बघा. ट्रॅकवर जाणार असाल, तर ट्रॅकचा पॅड वेगळा ठेवा, तिथे लावा आणि परत येताना काढा. अबार्थसारख्या बंद झालेल्या गाडीचा पॅड मिळत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीचा ग्राइंडरवर घासून बसवणाऱ्याच्या दारात उभेही राहू नका. थोडा वेळ लागेल, पण बरोबर नंबरचा मागवून घ्या.

बसवतानाही लक्ष द्या. एका बाजूचा पॅड कधीच बदलायचा नाही, एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकदम. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मिस्त्रींना मापून दाखवायला सांगा, त्याखाली गेली असेल तर लेथवर टर्निंग नको, नवी डिस्क. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावायचं. जळून चकचकीत झालेल्या पॅडवर पॉलिश पेपर घासून तो परत बसवणं ही दुरुस्ती नव्हे. नवा पॅड रिकाम्या रस्त्यावर 60 च्या वेगातून 15 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने बसवून घ्या, गाडी पूर्ण थांबवू नका, मग काही किलोमीटर ब्रेक न लावता गार होऊ द्या. पॅडवाल्याने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

आणि मागच्या ड्रम ब्रेकमधली पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. भारतात ॲसबेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. ड्रमच्या स्वस्त लायनरच्या पुडीत ते असेल, तर आधी जातं ते चाकाशी वाकलेल्या गॅरेजमधल्या पोराच्या छातीत. खोक्यावर ‘ॲसबेस्टॉस-फ्री’ लिहिलेलं बघूनच लायनर घ्या. गाडी तुमची आहे, म्हणून त्याचं फुफ्फुस तुमचं होत नाही.

दुकानदारांनाही एक सांगणं. बिलावर ‘ब्रेक पॅड, एक सेट’ एवढंच लिहून चालणार नाही. पार्ट नंबर लिहा, कंपनी लिहा. डुप्लिकेट माल तिथेच पकडला जातो. जो लिहायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

गाडीवर पैसे घालायचा क्रमही ठरवून टाका: आधी ब्रेक ऑइल, मग टायर, मग पॅड आणि डिस्क, आणि हे सगळं झाल्यावर उरले तर ताकद. हा क्रम उलटा सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी आजच बाहेर काढा.