दोन चिरंजीव आणि सात वाट्या

सँ-जनी-पुयी, फ्रान्स
२८ डिसेंबर

ती. अण्णा व ती. आई यांना शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, की दोन्ही मुलं एकाच प्रयोगशाळेत नोकरीला, तर एकाला इंजिनिअर आणि दुसऱ्याला शास्त्रज्ञ का म्हणायचं, असं जोशीकाका खोदून खोदून विचारतायत, त्यांना काय सांगू? मी तेव्हा मुद्दाम विषय बदलला. दोघंही मागे बसून ऐकत होते. ह्यांनी लगेच कागदावर चौकोन आणि बाण काढायला घेतले असते आणि भावजींनी "अण्णा, आधी 'फरक' म्हणजे काय ते ठरवू या" म्हणून तुमचा तासभर घेतला असता. म्हणून हे पत्र. मीच लिहिणार, मीच पाकीट बंद करणार आणि मीच पोस्टात टाकणार.

सध्या दोघंही घरी आहेत. नाताळात त्यांची प्रयोगशाळा, म्हणजे सर्न, बंद असते, आणि थंडीत इकडे वीज महाग म्हणून कणांची टक्कर घडवणारं तिथलं मोठं यंत्रही याच दिवसांत दुरुस्तीसाठी थांबवतात. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बाईला त्या सगळ्या विज्ञानातली एवढी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात पटली. पण यंत्र थांबलं तरी डोकी थांबत नाहीत, त्यामुळे ती माझ्या स्वयंपाकघरात चालतात.

सोमवारी दही लागलं नाही. या थंडीत ते भरवशाचं नसतंच. मी पातेलं दुलईत गुंडाळून हीटरजवळ ठेवते. कधी लागतं, कधी सकाळी दूधच हलतं. ओट्याशी उभी राहून मी आपली सहज म्हणाले, "आजही दही लागलं नाही."

भावजींनी विचारलं, "का लागलं नाही?"

ह्यांनी विचारलं, "कधीपर्यंत हवंय?"

अण्णा, जोशीकाकांना घाई असेल तर एवढंच सांगा. घाई नसेल तर पुढचं वाचून दाखवा.

दुपारपर्यंत भावजींनी ओट्यावर सात वाट्या मांडल्या. कुठे विरजण जास्त, कुठे कमी, कुठे दूध कोमट, कुठे जरा कढत, एक वाटी काचेची, एक मातीची. सातवीत विरजणच नाही. "ही कशाला?" म्हटलं, तर म्हणे तुलनेसाठी. ज्यात दही लागणार नाही हे पाळण्यातल्या पोरालाही सांगता येईल, अशी वाटी मुद्दाम भरून झाकून ठेवायची, याला म्हणतात शास्त्र. प्रत्येक वाटीला चिठ्ठी, आणि दर तासाला तापमान टिपायची कामगिरी आमच्या सईवर. ती खूश, कारण त्यापायी तिची पाढ्यांची वही बंद.

ह्यांनी सहलीचा थर्माकोलचा खोका काढला, बाजारात गेले आणि मासे पाळणारे टाकीत सोडतात तो हीटर घेऊन आले. एक नव्हे, दोन. "दुसरा कशाला?" म्हटलं, तर "पहिला बिघडला तर?" खोक्यात कोमट पाणी, पाण्यात हीटर, पाण्यावर पातेलं, आणि झाकणावर चिकटपट्टीने लावलेली सूचना : उघडू नये. दही का लागतं याच्याशी ह्यांना काडीचं कर्तव्य नव्हतं. ते लागलं पाहिजे, रोज लागलं पाहिजे, आणि आपण घरी नसतानाही लागलं पाहिजे.

सकाळी खोक्यातलं दही असं लागलं होतं, की चमचा उभा राहावा. मी कढीसाठी हात घातला तर म्हणाले, "थांब, ही चाचणी होती. अजून दोनदा असंच लागू दे, मग वापरात घेऊ." वाट्यांकडे वळले, तर तिथे आनंदीआनंद. सातांपैकी तीन वाट्यांत दूधच होतं, पण सातवीत, विरजण न घातलेल्या वाटीत, दही लागलेलं! भावजींचा चेहरा काय सांगू. बाकीच्या वाट्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बोलोन्यातल्या मित्राला फोन, हवेतल्या जिवाणूंवर चर्चा, दूध कुठल्या गोठ्यातलं याचा तपास. एवढ्यात हे दात घासत आले, वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चमचा धुतला होता का?"

चमचा धुतला नव्हता. संध्याकाळी सईने सगळ्या वाट्या एकाच चमच्याने चाखल्याचं कबूल केलं.

यावरून भावजींना हसू नका हं. त्यांनी मला त्याच रात्री जेवताना सांगितलं, की हे जगातल्या भल्याभल्यांचं झालेलं आहे. २०११ साली इथून इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेकडे न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीतून पाठवत होते. वाट ७३० किलोमीटरची. मोजणी केली तर कण प्रकाशाच्याही ६० नॅनोसेकंद आधी पोचलेले! म्हणजे आइन्स्टाइन चुकला. त्या मंडळींनी महिनोन् महिने आपली गणितं तपासली आणि शेवटी प्रामाणिकपणे जगापुढे कागद ठेवले, की बाबांनो, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. जगभर धुरळा उडाला. पुढच्या वर्षी निघालं काय, तर एक प्रकाशतंतूची केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. वेळ मोजणाऱ्या घड्याळातही दोष होता, पण मुख्य गुन्हेगार ती केबल.

हे ऐकताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पण भावजी थोडेच सोडतात? त्यांनी लगेच अमेरिकेतली कबुतरं काढली. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे पेन्झियस आणि विल्सन अशा दोघांकडे मोठ्या कर्ण्यासारखा अँटेना होता. १९६४ साली त्यात सारखी खरखर येऊ लागली. कुठेही तोंड फिरवा, दिवस असो की रात्र, खरखर तेवढीच. आत पाहतात तर कबुतरांचं घरटं, आणि त्यांनी केलेली घाण. अण्णा, तुमच्या गॅलरीची आठवण झाली ना? त्यांनी कबुतरं पकडून लांब नेऊन सोडली, ती परत हजर. अखेर कबुतरांचा कायमचा बंदोबस्त झाला, अँटेना घासूनपुसून लख्ख झाला, जोड सगळे तपासून झाले, तरी खरखर आपली जागच्या जागी. ती होती विश्वाच्या जन्मवेळची शिल्लक ऊब! सगळ्या आकाशात भरून राहिलेली. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं.

"दादा, तू असतास तर चमचा धुऊन घरी गेला असतास," असं भावजी म्हणाले.

"आणि तू असतास तर कबुतरांचा अंदाज बांधत बसला असतास," असं हे म्हणाले.

मला विचाराल तर त्या दोघा अमेरिकनांनी आधी चमचा धुतला आणि मगच विश्वाकडे पाहिलं, म्हणून नोबेल. पण हे मी बोलले नाही, कारण पोळ्या थंड होत होत्या.

त्या शिल्लक उबेचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश. आता ह्यांचं काम काय, तर २७ किलोमीटरच्या बोगद्यातली चुंबकं द्रवरूप हेलियमने गार करून १.९ अंशावर ठेवायची. म्हणजे अवकाशाहूनही गार. आपल्या भाषेत उणे २७१. भावजींना २.७ चा अभिमान, ह्यांना १.९ चा. आणि त्या दिवशी आमचा फ्रिज बिघडला, तर दोघांपैकी एकालाही दुरुस्त करता आला नाही.

दोघांचे सणवारही वेगळे. भावजींचा सण ४ जुलै. २०१२ साली त्या दिवशी हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं. तेसुद्धा आकड्यांत दिसतंय म्हणून लगेच नव्हे. नुसत्या योगायोगाने असं दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक एवढी खाली आली, तेव्हा कुठे 'सापडला' म्हणाले. (हीच मंडळी भाजीत मीठ आहे की नाही हे न चाखता सांगतात.) ह्यांचा दिवस १९ सप्टेंबर. २००८ साली यंत्र सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते, तोच दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड वितळला. तसे सुमारे दहा हजार जोड आहेत, त्यातला एक. ठिणगी उडाली, टनावारी हेलियम बोगद्यात सुटलं, कितीतरी चुंबकं वर काढावी लागली आणि यंत्र पुन्हा चालू व्हायला २००९ चा नोव्हेंबर उजाडला. तेव्हा हे इथे नव्हतेही, तरी दरवर्षी त्या तारखेला पितृपक्षातल्यासारखे गप्प असतात आणि घरातले सगळे प्लग एकेक दाबून पाहतात.

खरं सांगू का, दोघांना आनंद कशाने होतो हे पाहिलं की फरक कळतो. हे संध्याकाळी घरी येतात, "आज कसं काय?" म्हणून विचारलं की म्हणतात, "मस्त. काहीही झालं नाही." भावजी येतात आणि खांदे पाडून म्हणतात, "काहीही झालं नाही." वाक्य एकच.

एप्रिल २०१६ मध्ये फुईन नावाचा मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी ६६ हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि सगळं यंत्र बंद पडलं. त्याआधी २००९ मध्ये बाहेरच्या विद्युत केंद्रावर पावाचा तुकडा पडून गोंधळ झाला होता. बहुधा पक्ष्याने टाकलेला. ह्या गोष्टी भावजी पाहुण्यांना हसतखेळत सांगतात. हे हसत नाहीत. हे विचारतात, "कुंपण किती उंच होतं?"

आईंना मात्र भावजींची चंद्राची गोष्ट आवडेल. याच बोगद्यात आधी एलईपी नावाचं यंत्र होतं, १९८९ ते २००० पर्यंत. त्यातल्या कणांची ऊर्जा उगाचच कमी-जास्त व्हायची. शोध घेता घेता कळलं, की चंद्राच्या ओढीने समुद्राला येते तशी जमिनीलाही भरती येते, आणि २७ किलोमीटरच्या त्या कड्याचा घेर मिलिमीटरभर बदलतो! अमावास्या-पौर्णिमेला सगळ्यात जास्त. तेव्हापासून ती मंडळी चंद्र बघून हिशेब करू लागली. आता पंचांग उघडलं म्हणून कोणी तुम्हाला नावं ठेवली तर खुशाल सांगा. तरीही दिवसा थोडी थरथर उरलीच होती. ती मध्यरात्रीनंतर थांबायची आणि पहाटे पुन्हा सुरू व्हायची. ती निघाली आगगाडीची. जिनिव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीची वीज रुळांतून जमिनीत झिरपून यंत्राच्या नळीतून वाट काढत होती. चंद्र भावजींचा, गाडी ह्यांची, अशी आमच्याकडे वाटणी आहे.

तुम्ही उन्हाळ्यात आला होतात तेव्हाही असंच झालं होतं, आठवतं? भारत सरकारने २००४ साली दिलेल्या नटराजापाशी भावजींनी तुम्हाला कणांच्या नृत्याबद्दल इतकं सुंदर सांगितलं, की आईंनी हात जोडले. हे बाजूला उभे राहून मोबाइलवर जॅकचा फोटो शोधत होते. बोगद्यात १५ मीटर लांबीची, ३५ टनांची १,२३२ मोठी चुंबकं आहेत, आणि त्यांना खालून तोलून धरणारे जवळपास सात हजार जॅक आपल्या देशाने दिलेले, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली झालेले. केसाइतकं सरकवायचं तर तेवढंच सरकतं. "नटराजाचे फोटो सगळे काढतात, जॅकचा एकानेही काढला नाही," असं हे म्हणाले तेव्हा अण्णांनी मुकाट्याने त्या फोटोचा फोटो काढला. ह्यांना ते अजून आठवतं.

गणपतीच्या मखराचं तर सांगितलंच नाही. मूर्ती नऊ इंचांची, आणि मखर असं, की त्यावर मी उभी राहिले तरी हलू नये. मी उभी राहून दाखवलं. भावजींनी तोवर आरतीतल्या टाळ्यांचा वेग दर कडव्याला वाढत जातो याचा आलेख काढला होता.

दह्याचं पुढे काय झालं ते सांगते. खोका, दोन हीटर, वाट्यांत वाया गेलेलं दूध आणि वीज असा मी रीतसर खर्च मांडला. पहिली वाटी आपल्याला ४३ युरोला पडली. दुकानात डबा दोन युरोला मिळतो. दोघांनीही ताळेबंद पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं, की मला विज्ञानातलं काही कळत नाही.

आईंनी फोनवर विरजण नसेल तर मिरचीचे देठ टाकायला सांगितलं, त्याने घोळ आणखी वाढलाय. भावजी विचारतात, "देठच का?" हे विचारतात, "लिटरला किती देठ?" तुम्ही "आमच्या आई टाकायच्या" म्हणून सांगितलंत, ते दोघांपैकी कोणीही मान्य केलेलं नाही. आता ओट्यावर मिरच्या वाळत घातल्यात.

अण्णा, तुमच्या गॅलरीतल्या कबुतरांच्या जाळीबद्दल तुम्ही सल्ला मागितलात, तो मागायला नको होता. ह्यांनी जाळीचं ड्रॉइंग तयार केलंय. त्यातले हुक पाहता त्या जाळीवर जोशीकाकांनाही टांगता येईल. भावजी म्हणतात, आधी अर्ध्याच गॅलरीला जाळी लावा, अर्धी तशीच ठेवा आणि महिनाभर दोन्हीकडची कबुतरं मोजा. दोन्ही कागद याच पाकिटात आहेत, कारण घालते म्हणून शब्द दिला होता. तुम्ही आपला चौकातला जाळीवाला बोलावून उद्याच्या उद्या लावून घ्या. इकडचं मी बघते.

सईचा दोघांना गोड पापा. थंडी मरणाची आहे, पण सगळ्यांच्या तब्येती उत्तम. कळावे, लोभ असावा.

आपली,
सौ. मंजिरी

ता. क. : भाजणी आणि गोडा मसाला पाठवाल तेव्हा डब्यांवर कशाचं प्रमाण किती ते लिहू नका. घरात दोघंही वाचतात.